मोर्चाचे फोटो: वर्णन मशीनकडून घ्यायचं की स्वतः लिहायचं?

मोर्चाच्या फोटोसोबत वर्णन हवंच, हे मी धरून चालतो. टॉकबॅक किंवा एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या अंध वाचकाला मोर्चा त्या चार ओळींतूनच कळणार. त्या ओळी कोणी लिहायच्या, एवढंच ठरवायचंय.

फेसबुक २०१६ पासून आपोआप वर्णन देतं. बिनकष्टाचं काम, पण 'लोक', 'गर्दी', 'झेंडा' यांच्या पलीकडे त्यात फारसं काही नसतं. विसर्जनाची मिरवणूक आणि कामगारांचा मोर्चा त्याच्या लेखी सारखेच. सहलीच्या फोटोला एकवेळ चालेल, मोर्चाला नाही.

चॅटजीपीटी किंवा जेमिनीला फोटो दिला तर मराठीत चांगला भरघोस परिच्छेद मिळतो. मागची सीएसएमटीची इमारत, झेंड्यांचे रंग, पुढे बसलेल्या बायका, सगळं येतं. घोळ होतो तो फलकांवर. हाताने रंगवलेली देवनागरी, वाऱ्याने दुमडलेलं कापड, अर्धं अक्षर कुणाच्या तरी डोक्याआड. अशा वेळी मशीन गप्प बसेलच असं नाही, अंदाजाने वाक्य पूर्ण करून मोकळं होतं. कंत्राटी कामगारांच्या फलकावरचं 'कायम करा' वर्णनात 'काम करा' झालं, तर मागणीच उलटली! आणि ज्याला फोटो दिसत नाही, त्याला ही चूक पकडताही येत नाही. शिवाय फोटो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. म्हणून आधी निवड करा, झाकायचे ते चेहरे झाका, मगच फोटो द्या.

स्वतः लिहिण्याला वेळ लागतो, पण बदल्यात काय मिळतं ते पाहा. १२ मार्च २०१८ ला किसान लाँग मार्च आझाद मैदानात पोचला, तेव्हा सोललेल्या तळव्यांचे फोटो सगळीकडे फिरले. मशीन त्यात पाय बघेल, फार तर जखमा बघेल. ते पाय नाशिकहून चालत आलेत आणि दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण नको म्हणून सायनच्या सोमय्या मैदानापासूनचं शेवटचं अंतर रात्रीच तोडलंय, हे फोटोत कुठेच दिसत नाही. ते बातमीदारी केलेल्या माणसालाच ठाऊक.

माझं मत स्पष्ट आहे. मुख्य पाच-सहा फोटोंचं वर्णन स्वतःच लिहा. बाकीच्या गर्दीच्या फोटोंना मशीनचा कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण फलकावरचा मजकूर आपल्या डोळ्यांनी वाचून त्यात लिहा. त्यासाठी मैदानातच प्रत्येक महत्त्वाच्या फलकाचा एक सरळ, जवळून फोटो काढून ठेवा. कपड्यांवरून कुणाची जात-धर्म ठरवणारे शब्द मसुद्यात आले असतील तर काढा.

एक्सवर वर्णनाला १००० अक्षरांची मर्यादा आहे, ती पुरते. मोर्चा कुणाचा आणि मागणी काय, हे पहिल्याच वाक्यात येऊ द्या. झेंडे, टोप्या, इमारती नंतर. ऐकणारा मधेच पुढच्या पोस्टवर गेला तरी मागणी त्याच्यापर्यंत पोचलेली असेल.