फेडरल १०० की सीसीआय ५००: हँडगनच्या रीलोडिंगसाठी कोणता प्रायमर घ्यावा?

वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर, पावडर आणि गोळी घालून काडतूस पुन्हा भरणं म्हणजे रीलोडिंग; प्रायमर म्हणजे हॅमरच्या ठोक्याने पेटून पावडरला आग देणारी तळातली छोटी टोपी. काडतूस नाइन एमएम असो वा .३८ स्पेशल, स्मॉल पिस्टल प्रायमर म्हटलं की निवड बहुधा फेडरल १०० आणि सीसीआय ५०० या दोघांतच होते. विंचेस्टरचा डब्ल्यूएसपी अधूनमधून चर्चेत येतो, पण त्याचा स्वभाव या दोघांच्या मधला, म्हणून त्याला इथे फारशी जागा देत नाही. टार्गेटवरच्या ग्रुपमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या भोकांच्या घोळक्यात, तिघांचा फरक डोळ्यांना जाणवावा इतका मला तरी कधी दिसलेला नाही. खरा फरक दोन गोष्टींत आहे: प्रायमर पुंगळीत बसतो कसा, आणि तुमच्या हॅमरचा ठोका त्याला पुरतो का.

फेडरलची टोपी मऊ, सीसीआयची कडक. हे सगळे ऐकून असतात, पण त्याचा परिणाम कुठे होतो ते पाहायला हवं. स्प्रिंगला हात न लावलेल्या पिस्तुलात सीसीआय तक्रारीला जागा ठेवत नाही. गोष्ट बदलते ती ट्रिगर हलका करून घेतलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये. मेनस्प्रिंग, म्हणजे हॅमरला जोर देणारी स्प्रिंग, सैल केली की ठोक्याचा जोर कमी होतो, आणि डबल ॲक्शनमध्ये (नुसता ट्रिगर ओढून) हॅमर सिंगल ॲक्शनइतका (आधी हाताने चढवून) मागे जात नसल्याने तो आणखी घटतो. मग व्हायचं तेच होतं: पहिल्या ठोक्याला नुसता टक् आवाज, आणि तेच काडतूस फिरून पुन्हा हॅमरखाली आलं की बार उडतो.

पहिला टक्, दुसरा बार. माझा कौल ठरवला तो या एकाच कटकटीने. काडतूस सपशेल मेलं तर निदान प्रायमर खराब होता असं म्हणून पुढे जाता येतं. पण दुसऱ्या ठोक्याला उडालेलं काडतूस सांगतं की प्रायमर चांगला होता, दोष ठोक्यात किंवा बसवण्यात होता. प्रायमरच्या टोपीत मसाला असतो आणि त्यावर ॲन्व्हिल, म्हणजे तीन किंवा दोन पायांची छोटी ऐरण. हे पाय प्रायमर पॉकेटच्या, म्हणजे प्रायमर बसतो त्या खाचेच्या, तळाला टेकून मसाल्यावर किंचित दाबले गेले पाहिजेत. प्रायमर पूर्ण आत न बसता वर राहिला तर फायरिंग पिनचा पहिला ठोका त्याला तळाशी ढकलण्यातच खर्च होतो. मसाला चिरडला जात नाही. दुसऱ्या ठोक्याच्या वेळी ऐरण जागेवर आलेली असते, म्हणून बार उडतो.

आता मुद्दा असा की सीसीआय वर राहण्याची शक्यता जास्त. घट्ट पॉकेटच्या पुंगळीत, विशेषतः सेलियर अँड बेलो या कंपनीच्या, तो सरकताना इतका अडतो की हाताला वाटतं तळ लागला. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे एका हँडलने सगळ्या पायऱ्या एकदम करणाऱ्या यंत्रावर, तर हे ओळखणं आणखी कठीण, कारण त्याच हँडलवर बाकीच्या डायचाही (साच्यांचाही) जोर येत असतो. फेडरल सुरुवातीला गुळगुळीत जातो आणि मग तळ लागल्याचा स्पष्ट थांबा हाताला कळतो. तो थांबा मला कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

प्रायमर पुंगळीच्या तळपृष्ठाच्या ०.००३ ते ०.००५ इंच आत हवा, म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर. मोजायला उपकरण लागत नाही. बोटाचं टोक तळावरून फिरवा: किंचित खळगा लागला तर ठीक, सपाट लागलं तर संशय, उंचवटा लागला तर ते काडतूस बाजूला. भरलेली काडतुसं सपाट काचेवर उभी करून पाहा, जे डुलतं त्याचा प्रायमर वर आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये असा प्रायमर मागच्या फ्रेमला घासून सिलिंडरही अडवतो. वर राहिलेला प्रायमर भरलेल्या काडतुसात नंतर दाबून बसवायचा मोह अजिबात नको. गोळी काढा, पावडर काढा, मग पुढचं पाहा.

सैन्याच्या पुंगळ्यांत प्रायमरभोवती क्रिम्प, म्हणजे आत दाबलेली कड, असते. ती स्वेजरने दाबून किंवा रीमरने कापून काढल्याशिवाय कोणताच प्रायमर सरळ जात नाही; कडेला अडून टोपी चेपते. तिथे दोष प्रायमरच्या माथी मारू नका. तसंच .४५ एसीपी काडतुसाच्या पुंगळ्यांच्या ढिगात स्मॉल पॉकेटच्या पुंगळ्या मिसळलेल्या असतात. लार्ज प्रायमर तिथे दाबला गेला तर चिरडून फुटू शकतो, म्हणून आधी वेगळ्या करा.

ठोका कमी पडतोय की प्रायमर वर राहिलाय, हे खुणेवरून कळतं. पहिल्या ठोक्याचा खड्डा उथळ आणि प्रायमर नीट आत बसलेला असेल तर स्प्रिंग फार हलकी झाली आहे. पुढच्या पुंगळ्यांत प्रायमर नीट आत बसवून पाहिल्यावर तक्रार थांबली, तर दोष बसवण्यातलाच. काहीजण पावडर-गोळीशिवाय नुसता प्रायमर भरलेली पुंगळी उडवून तपासतात. पद्धत चांगली, पण त्यात प्रायमर मागे सरकून बाहेर येतो आणि सिलिंडर घट्ट होतो. एरवी पुंगळीच दाबाने मागे येऊन त्याला परत आत बसवते. इथे तो दाबच नसतो. त्यामुळे यावरून प्रायमर वर होता असा निष्कर्ष काढू नका. आणि नुसता टक् झाला की सरावात नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबायचं, हे तर आलंच.

सीसीआयच्या बाजूनेही सांगायला हवं, आणि ते थोडं नाही. फेडरलचा मसाला ठोक्याला जास्त संवेदनशील. म्हणूनच त्याचे खोके मोठे असतात, प्रायमर एकमेकांपासून दूर ठेवलेले. ली कंपनीच्या जुन्या ऑटो प्राइम या हातयंत्राच्या सूचनांत फक्त सीसीआय आणि विंचेस्टर वापरा असं म्हटलं होतं, कारण तिथे ट्रेमधले प्रायमर एकमेकांना चिकटून असतात आणि एक फुटला तर बाकीचेही पेटू शकतात. तुमचं साधन तसं असेल तर सीसीआय घ्या, इथे चर्चेला जागा नाही. फायरिंग पिनला स्प्रिंग नसलेल्या नाइन एमएम कार्बाइनसाठीही (आखूड रायफलसाठीही) कडक टोपी बरी. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा भाग, जोरात बंद होताना मोकळी पिन प्रायमरला टेकते, आणि मऊ टोपीत तेवढा धक्का पुरला तर ट्रिगर न ओढताच बार उडतो.

अदलाबदलीबद्दल थोडक्यात. एका प्रायमरवर ठरवलेला लोड, म्हणजे पावडर-गोळीचं प्रमाण, दुसऱ्यावर जसाच्या तसा चालवू नका. दहा टक्क्यांनी पावडर कमी करून, दाबाच्या खुणा पाहत वर या; एच११० आणि डब्ल्यू२९६ या पावडरी मात्र इतक्या कमी करू नका. मॅग्नम प्रायमर, म्हणजे सीसीआय ५५०, एच११० किंवा डब्ल्यू२९६ सारख्या सावकाश जळणाऱ्या गोलसर दाण्याच्या पावडरसाठी. ते नाइन एमएममध्ये जास्त ज्वाला मिळेल म्हणून घालण्यात अर्थ नाही. लहान पुंगळीत दाब मात्र चढतो. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्टलपेक्षा उंच असतो, तो पिस्तुलाच्या पॉकेटमधून बाहेर डोकावणारच.

साठवताना दोन्ही मूळ खोक्यातच ठेवा. बरणीत ओतलेले प्रायमर हे प्रायमर राहत नाहीत, तो एकत्र फुटणारा स्फोटक ढीग होतो. बाद प्रायमर तेलात टाकला की मेला असं धरून चालू नका. तो नेहमी मरत नाही.

तर, रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर हलका केला असेल आणि प्रायमर एकेक करून हाताने बसवत असाल, तर माझ्या मते फेडरलला पर्याय नाही. प्रोग्रेसिव्ह प्रेस आणि कंपनीच्या स्प्रिंगचं पिस्तूल एवढंच असेल तर सीसीआयवर निभावतं, फक्त बसवताना हँडलला शेवटचा जोर जास्त द्या आणि शंभरातल्या प्रत्येक काडतुसावर बोट फिरवा. दोन्ही शस्त्रं असतील आणि एकच खोका घ्यायचा असेल, तर मी फेडरलकडे झुकतो. मोठा खोका घेण्याआधी शंभराचा एक ट्रे घ्या, त्यातले पन्नास तुमच्या सर्वांत घट्ट पुंगळ्यांत बसवून पाहा, आणि पुढचे खोके घेताना जमलं तर एकाच लॉट नंबरचे घ्या.