केक सगळेच करतात, प्लमचा गॅलेट करून दाखवा: ३० लिटरच्या ओटीजीचा रिव्ह्यू

ओव्हनचे रिव्ह्यू वाचायला गेलं की सगळीकडे केकच केक. स्पंज किती फुलला, वरून रंग कसा आला, फोटो झक्कास, पाच स्टार, विषय संपला. अहो पण साधा स्पंज बऱ्यापैकी कुठल्याही ओव्हनमध्ये होतो, पाच-दहा डिग्री इकडेतिकडे झाली तरी तो फारसं मनावर घेत नाही. ओव्हनची परीक्षा घ्यायचीच असेल तर उन्हाळा सरता सरता बाजारात जो रसरशीत माल येतो ना, पिकून मऊ झालेले टोमॅटो, पीच, प्लम, झुकिनी, तो आत घालून बघा, कारण टोमॅटो आणि झुकिनीत जवळपास ९५ टक्के पाणीच असतं, पीचमध्ये ९० च्या आसपास, आणि जोपर्यंत पृष्ठभागावर पाणी आहे तोपर्यंत तिथलं तापमान शंभरीच्या वर सरकत नाही, मग खरपूस रंग कुठून येणार, त्याला १४० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे ओव्हनला आधी ते पाणी पळवायचं आणि मग भाजायचं अशी दुहेरी हमाली.

तर हा आपला नेहमीचा ३० लिटरचा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, वर दोन रॉड, खाली दोन रॉड, मागे छोटा पंखा, तीन गोल बटणं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, या साइजचे बरेच ओव्हन आतून एकमेकांची भावंडंच असतात, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या ओव्हनलाही लागू पडेल.

आधी टोमॅटो. लांबट, गराचे टोमॅटो उभे अर्धे कापून, कापलेली बाजू वर ठेवून, मीठ, तेल, ठेचलेला लसूण, आणि १२०-१३० डिग्रीवर तीन तास. इथे या ओव्हनचं पहिलं नाटक कळलं. बटण १३० वर आणि आत जाळीला टांगलेला थर्मामीटर दाखवतोय १५०, मग हळूहळू उतरत ११५, मग परत वर. यात बिघाड वगैरे काही नाही, साध्या थर्मोस्टॅटची पद्धतच अशी असते, आत दोन धातूंची चिकटवलेली पट्टी असते, ती तापून वाकली की करंट तुटतो आणि गार होऊन सरळ झाली की परत जुळतो, त्यामुळे बटणावरचा आकडा म्हणजे साधारण सरासरी समजायची. टोमॅटोला या वरखालीचं काही वाटत नाही. पंखा चालू ठेवला तर कडा आक्रसून चामट-गोड होतात, मधे गर मऊ राहतो, ट्रेमध्ये जे तेल उरतं ते तर बाटलीत भरून ठेवावं असं लागतं. पंखा बंद ठेवून केलेले मात्र उकडल्यासारखे होतात, वाफ आतल्या आतच फिरत राहते.

वाफेवरून आठवलं, दरवाजा. काचेला आतून घाम फुटतो, थेंब ओघळत खालच्या पट्टीत साठतात आणि दरवाजा उघडला की ते गरम पाणी थेट ओट्यावर. पायावर आलं तर चटका बसेल. खाली जुना फडका घडी करून ठेवायचा, दुसरा इलाज नाही. डिझाइन करणाऱ्याने आत फक्त बिस्किटं भाजून बघितली असणार!

आणि टायमर फक्त ६० मिनिटांचा. तीन तासांच्या कामाला एकतर दर तासाला उठून पिळायचा नाहीतर ‘स्टे ऑन’वर ठेवून मोबाईलचा गजर लावायचा, मी दुसरंच करते, पण ‘स्टे ऑन’वर ठेवून घराबाहेर जायचं नाही हे सांगायलाच नको.

आता मुख्य गोष्ट, प्लम आणि पीचचा गॅलेट. गॅलेट म्हणजे साच्याशिवायचा ‘पाय’ (pie), पोळी लाटायची, मधे फळं, कडा आत दुमडायच्या, वाकडंतिकडं झालं तर जास्तच छान दिसतं. २०० ग्रॅम मैद्याला साधारण १२० ग्रॅम थंडगार बटर, चिमूटभर मीठ, आणि बर्फाचं पाणी लागेल तेवढंच. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, जोरदार उष्णता मिळाली की त्याची पटकन वाफ होते आणि पापुद्रे सुटतात, आणि उष्णता मिळमिळीत असली की बटर नुसतं वितळून बाहेर येतं आणि तुमचा क्रस्ट त्यात निवांत तळत बसतो. त्यात वरून फळांचा रस. म्हणजे सगळा खेळ तळाच्या उष्णतेचा, आणि नेमका तिथेच हा ओव्हन कमी पडतो. दोन्ही रॉड चालू ठेवून मधल्या जाळीवर ठेवलं की वरून सोनेरी, फोटो काढण्यालायक, आणि खालून ओला पांढरा लगदा. रिव्ह्यूतल्या फोटोत खालची बाजू कोणी दाखवत नाही त्याचं कारण हेच असावं.

पण यावर तोडगा आहे आणि तो लागू पडतो. रिकामा लोखंडी ट्रे किंवा जाड तवा सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवून २२० वर चांगली २० मिनिटं तापवायचा (दिवा दहा मिनिटांतच विझतो, त्याच्यावर जाऊ नका, तेव्हा नुसती हवा तापलेली असते, ट्रे नाही), मग बेकिंग पेपरसकट गॅलेट त्यावर सरकवायचा, पहिली २० मिनिटं फक्त खालचा रॉड, मग दोन्ही रॉड आणि बटण २०० वर. मधे एकदा ट्रे फिरवायचा कारण मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, तिकडची बाजू लवकर काळवंडते. असं केलं की तळ चक्क कडक होतो, बोटाने टकटक केलं तर आवाज येतो, आणि सुरीने खालून उचलला तर अख्खा उचलला जातो, मधे मोडत नाही.

फळांचीही थोडी तयारी लागते, सगळं ओव्हनवर ढकलून चालत नाही. प्लमच्या फोडींना साखर चोळून अर्धा तास ठेवल्या की वाटीभर रस सुटतो, तो गाळून गॅसवर आटवायचा, मधासारखा दाट झाला की परत फोडींवर घालायचा. चव सगळी तिथेच, पाणी मात्र गेलं. वर चमचाभर कॉर्नफ्लोअर, आणि पोळीवर फळांच्या खाली बदामाची पूड पसरायची, ती उरलेला रस पिते. गॅलेट झाला कधी म्हणायचं, तर कडेला बुडबुडे येऊन भागत नाही, अगदी मधोमध रस जाडसर रटरटायला हवा, कॉर्नफ्लोअर जवळपास उकळीला आल्याशिवाय नीट आळत नाही आणि मग गार झाल्यावर लोक म्हणतात रेसिपी चुकीची होती. पीच घेताना सीझनच्या शेवटी येणारे बघा, त्यातल्या बऱ्याच जातींची बी गरापासून सहज सुटते, सुरुवातीच्या पीचमध्ये बी अशी चिकटलेली असते की अर्धा गर तिलाच जातो. साल नको असेल तर बुडाला फुली मारून अर्धा मिनिट उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, अंगठ्याने साल सरकते.

झुकिनी ब्रेडची गोष्ट वेगळी. किसून, मीठ लावून, फडक्यात घट्ट पिळून घेतली तर मिश्रण आटोक्यात राहतं. अगदी कोरडी करू नका, थोड्या ओलाव्यामुळेच तो ब्रेड दुसऱ्या दिवशी जास्त मऊ लागतो. १७५ वर ५० ते ६० मिनिटं. अडचण उंचीची आहे, लोफ फुगून वर आला की वरच्या रॉडच्या अगदी तोंडाशी जातो आणि मधे कच्चा असतानाच डोक्यावर तपकिरी टोपी चढते, त्यामुळे साधारण ३५ मिनिटांनी वर फॉइल सैलसर झाकायची, रॉडला टेकू द्यायची नाही. काडी कोरडी आली तरी मला भरवसा वाटत नाही, झुकिनी काडीला फसवते, मधलं तापमान ९६ च्या आसपास दिसलं की मगच बाहेर.

ग्रिल मोडबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मक्याची कणसं आणि ढोबळी मिरची दोन्ही करून पाहिलं, मिरचीची साल करपायच्या आत मिरचीच मऊ पडते, त्यापेक्षा गॅसची थेट ज्योत बरी. मका जरा बरा होतो पण त्यात ओव्हनपेक्षा मक्याचं श्रेय जास्त, तोडल्या क्षणापासून त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, त्यामुळे सकाळी आणलेला त्याच दिवशी खा, दोन दिवस बाहेर पडून राहिलेल्याला कुठलाच ओव्हन गोड करणार नाही.

घ्यावा का? दोन-तीन माणसांचं घर, जागा कमी, आठवड्यातून एखाददुसरं बेकिंग, तर घ्या, पण सोबत ओव्हन थर्मामीटर घ्याच, त्याशिवाय हा ओव्हन म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से आहे. जास्त करून ब्रेड आणि पाय करणार असाल तर मोठा, जाड भिंतीचा, खालचा रॉड जास्त वॅटचा असलेला बघा, दुकानात विचारा, दोन्ही रॉडचे वॅट वेगळे सांगता येत नसतील तर सरळ पुढच्या दुकानात. माझ्याकडून पाचापैकी साडेतीन. पंख्यासाठी आणि टोमॅटोसाठी तीन, अर्धा खालच्या क्रम्ब ट्रेला, कारण तो पूर्ण बाहेर निघतो आणि प्लमचा जळून डांबर झालेला रस रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवला की सकाळी घासणीने निघतो. दरवाजाच्या रबरात गेलेला मात्र निघत नाही, तिथे टूथब्रश घेऊनच बसावं लागतं.