वेताळ टेकडीवरची मोजणी कार्यशाळा: दोन रविवार, 5 पैकी 4 तारे

बँकेत 31 वर्षं कॅश सांभाळली. रोकड जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय अजून अंगात आहे. टेकडीवरची रोपं-किडे असं जे सगळंच्या सगळं डोळ्यांना दिसत नाही ते मोजतात तरी कसं, या कुतूहलापोटी जुलैत नाव नोंदवलं.

सकाळी साडेसहाला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने पुण्यातली ही टेकडी चढलो. हातात पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट. टाकळ्याची (पावसाळ्यात उगवणारं रोप) दाटी होती तिथे मी ती ठेवायला निघाले, तर शिकवणाऱ्या ताईंनी अडवलं. जागा आपण निवडायची नाही. रँडम आकड्यांच्या तक्त्यात येतील तितकी पावलं चालायची आणि तिथे उघडा खडक असला तर शून्य लिहायचं. माझ्या दहा चौकटींतली टाकळ्याची रोपं: 0, 0, 7, 1, 0, 12, 0, 0, 2, 0. सरासरी 2.2, पण दोन रोपं असलेली चौकट एकच! व्हेरियन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत याचं माप, 16.6 आला, सरासरीच्या सातपटीहून जास्त. म्हणजे रोपं झुबक्यांनी आहेत. टाकळ्याचं बी शेंगेतून झाडाजवळच पडतं, हे तेव्हा डोक्यात बसलं. ती सहा शून्यं गाळली असती तर सरासरी साडेपाच झाली असती.

नंतर पैसे, म्हणजे गोल वेटोळं करणारे किडे. पहिल्या रविवारी 40 पकडून पाठीवर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि सोडले. (बोटांना उग्र वास राहतो, साबण न्या.) पुढच्या रविवारी 50 सापडले, त्यांत 8 ठिपकेवाले. पन्नासांत आठ ठिपकेवाले, तर सगळ्या किड्यांतही ठिपकेवाल्यांचं प्रमाण तेच धरायचं. चाळीस गुणिले पन्नास भागिले आठ: 250. ही लिंकन-पीटरसन पद्धत. वाघाला रंग लावावा लागत नाही, पट्टेच त्याची ओळख. कॅमेऱ्यातल्या फोटोंवरून तेच तत्त्व वापरतात, हेही ताईंनी छान सांगितलं.

एक तारा कापला तो इथे. फळ्यावर 250 लिहिलं, टाळ्या झाल्या, विषय संपला. अवघ्या आठ ठिपक्यांवर उभा असलेला आकडा तो! घरी गणित केलं, तर खरी संख्या सव्वाशेही असू शकते, साडेतीनशेही. मधल्या आठवड्यात पाऊस झाला. किती ठिपके पुसले गेले, किती किडे मेले किंवा दुसरीकडे गेले? ठिपके पुसले गेले असतील तर 250 हा आकडा फुगलेला आहे. 2022 च्या व्याघ्रगणनेत 3,682 या अंदाजासोबत 3,925 ही वरची मर्यादाही दिली होती. मर्यादा सांगायला पाच मिनिटं पुरली असती, आणि मला तर तेच सगळ्यात जास्त हवं होतं.

फी 900 रुपये, चहा-पोहे धरून. वीस जणांना चौकटी पाचच, त्यामुळे वाट बघावी लागते. पावसाळ्यात खडक निसरडे असतात, चपला नकोत. ऑक्टोबरच्या तुकडीत गवत मोजणार आहेत. मी पैसे भरले आहेत.