198 बीएचपीचा कागद

टर्बो गाडी आहे आणि कुणीतरी ‘साहेब, रीमॅप करून घ्या, गाडी उडेल’ म्हणत मागे लागलंय (रीमॅप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवणं), अशांनी पैसे देण्याआधी हे वाचावं. आमचे 1 लाख 70 हजार गेले. त्यातले काही परत मिळाले, ते कसे तेही सांगतो. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. आणि खरं सांगायचं तर नावापेक्षा पद्धत कळणं महत्त्वाचं, कारण हीच पद्धत वापरणारे आणखी दोघे तिघे मला नंतर कळले.

आमची गाडी जरा वेगळी आहे. इंग्लंडात लोटस सेव्हन 1957 पासून सुट्या भागांत मिळायची आणि लोक ती घरी जोडायचे. तशी घरी जोडायची एक गाडी भाचा आणि मी भांडुपच्या गाळ्यात उभी केली. चौकोनी पाइपची चासी, मागे ड्रायव्हरच्या पाठीशी इंजिन. इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घेतलेलं, टोटल लॉस झालेल्या फियाट लिनिया टी-जेटचं, 1.4 लिटर टर्बो पेट्रोल. कंपनीचा आकडा 114 पीएस (ताकदीचं माप, बीएचपीच्या जवळपास तेवढंच) आणि 207 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. याच इंजिनातून 2015 च्या अबार्थ पुंटोत कंपनीने 145 पीएस काढले होते, तेव्हा इंजिनात दम आहे हे नक्की. आमच्या गाडीचं वजन लिनियाच्या निम्म्याच्या आसपास, त्यामुळे 145 मिळाले तरी चैन होती. रस्त्यावर ती चालवायचीच नव्हती. फ्लॅटबेडवर, म्हणजे गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकवर, घालून बंद धावपट्टीवर न्यायची, एवढाच बेत.

टर्बो इंजिनात अशी फसवणूक सोपी का जाते? साध्या इंजिनात ताकद वाढवायची तर कॅमशाफ्ट, पिस्टन, हेड असं लोखंड बदलावं लागतं, आणि लोखंड डोळ्यांना दिसतं. टर्बोत एक्झॉस्टच्या वायूवर टर्बाइन फिरतं, त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि किती कोंबायची ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, वेस्टगेट नावाच्या झडपेमार्फत ठरवतो. म्हणजे नुसती फाइल बदलूनही ताकद खरोखर वाढते. धंद्यातली गोम इथेच आहे. बोललेलं खरं असू शकतं आणि केलेलं काम दिसत नाही.

त्या वर्कशॉपच्या गृहस्थाने आम्हाला 190 बीएचपीच्या वर सांगितले. त्यासाठी ‘हायब्रिड टर्बो’ 68 हजार, मॅप (ईसीयूमधली नवी फाइल) 45 हजार, इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारा) आणि त्याचं पाइपिंग 45 हजार, डायनो (गाडीची ताकद मोजायचं मशीन) 12 हजार. हायब्रिड टर्बो ही थाप नव्हे. जुन्याच हाउसिंगला आतून मशीन मारून मोठं कॉम्प्रेसर व्हील बसवतात, तो प्रकार जगभर चालतो. बिल मागितलं तर ‘पक्कं हवं असेल तर 18 टक्के वर’. शेवटी कच्चं बिल, थोडी रोख, बाकी यूपीआय, आणि तेही दोन वेगळ्या नावांवर. पैसे एका नावावर मागत नाहीत तिथेच उठावं, असं आता मी सगळ्यांना सांगतो.

डायनोचा दिवस मात्र बघण्यासारखा होता. सकाळी ‘आधीचा’ रन घेतला तेव्हा गाडी नुकतीच बराच वेळ आयडलिंगवर तापवलेली होती, समोरचा मोठा पंखा बंद, आणि मुंबईचा मे महिना. इंटरकूलर हाताला चटका देत होता. कागदावर आलं 84 बीएचपी, चाकांवर. पुढच्या आठवड्यात ‘नंतरचा’ रन झाला. या वेळी पंखा धडधडत होता, इंजिन दोन रनांच्या मध्ये थंड होऊ देत होते, आणि पेडल दाबलं की मागून फटफट आवाज, पेडल सोडलं की पाइपातून जाळ. गाळ्यातली पोरं मोबाइल काढून उभी. कागदावर आलं 198.

घरी जेवण झाल्यावर भाचा तो कागद घेऊन बसला. तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याला कुठलाही ग्राफ दिसला की पट्टी लावायची सवय आहे.

‘‘मामा, 5400 ला टॉर्क किती दिसतोय तुला?’’

‘‘दोनशे पाच.’’

‘‘मग 198 येतीलच कसे?’’

हा हिशोब प्रत्येकाने पाठ करून ठेवावा. डायनो ताकद वेगळी मोजत नाही. टॉर्क आणि आरपीएम यांवरूनच ती काढावी लागते. न्यूटन मीटरला आरपीएमने (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणा आणि 7121 ने भागा, बीएचपी मिळतात. किलोवॅट हवे असतील तर 9549 ने भागा. 205 गुणिले 5400 भागिले 7121 म्हणजे 155. कागदावरची टॉर्कची रेघ 155 म्हणतेय आणि ताकदीची रेघ 198. एकाच मशीनने एकाच रनमध्ये काढलेल्या दोन रेघा अशा भांडूच शकत नाहीत. कुणीतरी दोन्ही रेघा हाताने ताणल्या होत्या, आणि सारख्या मापाने ताणायचेही कष्ट घेतले नव्हते.

मग बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. आधीच्या कागदावर ‘व्हील’ लिहिलेलं, नंतरच्या कागदावर ‘क्रँक’. चाकांवर मोजलेल्या आकड्यात गिअरबॉक्स आणि टायरमध्ये जाणारी ताकद अंदाजाने मिळवली की क्रँकचा, म्हणजे थेट इंजिनाचा, आकडा तयार होतो. हा अंदाज डायनोवाल्याच्या मर्जीवर असतो. आधीचा आकडा एका मापाचा, नंतरचा दुसऱ्या मापाचा, आणि मधला फरक ग्राहकाला विकायचा. तापमानाचं करेक्शनही असंच आहे. हवेचं तापमान, दाब आणि दमटपणा धरून आकडा प्रमाणित हवेसाठी बदलतात, पण तापमान कुठून मोजलं यावर सगळं अवलंबून. सेन्सर इंजिनच्या उष्णतेत टांगला की करेक्शन वाढतं. शिवाय टर्बो इंजिनाचा ईसीयू वेस्टगेटमधून दाब स्वतःच सांभाळत असतो, त्यामुळे त्याला साध्या इंजिनाचं करेक्शन जसंच्या तसं लावलं तर आकडा फुगतोच.

बूस्टचा, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या हवेच्या दाबाचा, घोळ छोटा पण गमतीदार होता. लॅपटॉपवर बोट ठेवून तो वर्कशॉपवाला म्हणाला होता, ‘बघा, 1.8 बार बूस्ट!’ तो दाब अ‍ॅब्सोल्यूट होता. म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाबही धरलेला. मुंबई समुद्रसपाटीला आहे, इथे नुसती हवाच साधारण 1 बार दाब देते. इंजिन बंद करून चावी ऑन ठेवली तर तोच आकडा 1.01 दाखवतो. म्हणजे बूस्ट 0.8, त्याने सांगितल्याच्या निम्म्याहूनही कमी.

टर्बोचं प्रकरण उघडं पडलं ते एका फोटोमुळे. सीएसटी रोडवर इंजिन घेताना भाच्याने सगळ्या भागांचे फोटो काढले होते, दुकानदाराशी पुढे वाद नको म्हणून. कॉम्प्रेसर व्हीलच्या एका पात्याच्या कडेला बारीकसा टवका होता, काहीतरी खडा आत गेला असावा. आता नवा हायब्रिड टर्बो बसलेला. आम्ही इनटेकचा पाइप काढला, टॉर्च मारली, व्हील बोटाने हळूहळू फिरवलं. तोच टवका, त्याच जागी, मधल्या नटच्या कोपऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर. व्हर्निअर लावून तोंडाचा व्यास मोजला, तोही जुन्या नोंदीइतकाच. हाउसिंग बाहेरून ब्लास्ट करून त्यावर रुपेरी हीट पेंट मारला होता. घाई इतकी की पेंट स्टडच्या आट्यांत आणि गॅसकेटच्या कडेवरही उतरला होता. 68 हजारांत आम्हाला आमचाच टर्बो रंगवून मिळाला.

मॅप तपासायला ठाण्यातल्या एका ट्यूनरकडे गेलो. ओबीडीतून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) फाइल वाचता येऊ नये म्हणून ईसीयूला कुलूप घातलं होतं, त्यामुळे तो बाहेर काढून टेबलावर उघडून वाचावा लागला. आमच्याकडे मूळ फाइलची प्रत होती. दोन्ही शेजारी ठेवल्यावर फरक दोनच ठिकाणी. एक, पेडलचा तक्ता. अर्धं पेडल दाबलं की थ्रॉटल जवळजवळ पूर्ण उघडायचं. यामुळे गाडी एकदम चपळ झाल्याचा भास होतो, पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र ताकद होती तेवढीच. दोन, पेडल सोडल्यावर इग्निशन उशिरा आणि पेट्रोल चालू, म्हणजे तो जाळ. त्याने ताकद एक बीएचपीनेही वाढत नाही. टर्बाइन आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तेवढे उगाच भाजतात. बाकी बूस्ट, टायमिंग, मिश्रण, सगळं कंपनीचं. त्या ट्यूनरने पंखा लावून, चौथ्या गिअरमध्ये, चाकांवर मोजलं तेव्हा 99 आले. मूळ इंजिन जेवढं द्यायचं तेवढंच.

पहिल्या गृहस्थाला फोन केला. आधी पेट्रोलचं निमित्त, ‘साधं 91 ऑक्टेन घातलंत का? 100 घाला’. मग मुंबईची गरमी. मग ‘तुमचा क्लच घसरतोय’. फोटो पाठवल्यावर सूर बदलला. ‘साहेब, तुमची गाडी पासिंगची नाही. आरटीओला एक फोन केला तर काय होईल?’

इथेच बरेच जण गप्प बसतात, आणि हा धंदा त्या गप्प बसण्यावर चालतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाविरुद्ध गाडीत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीत असले बदल केलेला माणूस तक्रार करायला कचरतो. आम्ही कचरलो नाही. आमची गाडी फ्लॅटबेडवरून खाली फक्त खासगी जागेत उतरते, तरी नोंदणीची सक्ती करणारं कलम 39 सार्वजनिक ठिकाणाबरोबरच ‘इतर कुठल्याही ठिकाणी’ चालवण्याबद्दलही आहे. पण गाडी नोंदणी झालेली असो वा नसो, न बसवलेल्या टर्बोचे पैसे घेणं ही फसवणूकच. तुमच्या नियमभंगाची भीती घालून तो स्वतःची चोरी झाकू शकत नाही, हे आमच्या वकिलाने पहिल्याच भेटीत सांगितलं.

वकिलामार्फत नोटीस गेली. सोबत दोन्ही डायनोचे कागद, पात्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचे संवाद, यूपीआयच्या नोंदी. पक्कं बिल नसलं तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘हायब्रिड टर्बो 68000 रिसीव्हड’ असं त्याने स्वतः लिहिलेलं होतं, त्याने बरंच काम केलं. नोटिशीत फौजदारी तक्रारीचाही इशारा होता. 1 जुलै 2024 पासून जुन्या 420 ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 ने घेतली आहे, त्याचा उल्लेख वकिलाने मुद्दाम ठळक केला. टर्बोचे 68 हजार दोन हप्त्यांत परत आले. इंटरकूलरचं काम खरं होतं, पाइपिंगही नीट आहे, त्याचे पैसे आम्ही मागितलेच नाहीत.

मॅप आणि डायनोचे 57 हजार द्यायला तो तयार नाही, ‘सॉफ्टवेअर केलंय’ म्हणतो. त्यासाठी वांद्रे पूर्वेच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, 2019 च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि घटनेपासून 2 वर्षांची मुदत असते. ठाण्यातल्या ट्यूनरने दोन्ही फाइलींमधला फरक सहीनिशी लिहून दिलाय, तो तक्रारीला जोडलाय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. याच वर्कशॉपमध्ये रीमॅप केलेल्या कुणाकडे ‘आधी व्हील, नंतर क्रँक’ असे दोन कागद असतील तर जपून ठेवा. आमच्या वकिलाला ते हवे आहेत.