डम्प ट्रेलर, रस्त्यावरचं मीठ आणि लोकरीचं तेल : दोन हिवाळ्यांनंतर

बेड (माल भरायचा हौदा) पंपाने उचलून माल ओतणारा, मालासकट 14 हजार पाउंड वजनाचा, दोन अ‍ॅक्सलचा, काळ्या पावडर कोटिंगचा (भट्टीत भाजून बसवलेल्या रंगाचा) डम्प ट्रेलर. कॅनडात टोरोंटोजवळ, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे बेसमेंटची कामं घेणाऱ्या बऱ्याच जणांकडे असाच आहे, म्हणून त्याची मापं सांगत बसत नाही. लिहायचंय ते त्याच्या पोटाखाली मारलेल्या लॅनोलिनच्या कोटिंगबद्दल. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. ती तेलात मिसळून पातळ करतात आणि लोखंडावर फवारतात. वाळत नाही, कडक होत नाही, बोट लावलं की चिकट लागते. दोन हिवाळे वापरून झाले आणि मधल्या काळात माझं मत चांगलंच बदललं.

एक गोष्ट आधी सांगतो. 'हिवाळ्यात ट्रेलर धुऊन, झाकून ठेवा' हा सल्ला आमच्या कामाचा नाही. डेक आणि अंगण करणारे नोव्हेंबरात ट्रेलर उभा करू शकतात. बेसमेंटवाल्यांचा धंदाच तेव्हा सुरू होतो. फोडलेलं काँक्रीट, ड्रायवॉल, जुन्या टाइल्स, सगळं डिसेंबर ते मार्च 410 आणि 401 हायवेंवरून ओढून न्यायचं, आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाच्या पाण्याचा पुढचा ट्रक जो फवारा उडवतो तो सगळा ट्रेलरच्या पोटात. ओढणाऱ्या गाडीच्या मागच्या चाकांचा फवारासुद्धा थेट ट्रेलरच्या तोंडावर येतो. त्यामुळे गाडीपेक्षा ट्रेलर लवकर सडतो.

आता ज्याने मला हे लिहायला बसवलं त्या बोल्टकडे येतो.

जानेवारीत, उणे चौदाला, कचरा टाकायच्या ठिकाणी भरलेला बेड उचलेना. रिमोट दाबला की सोलेनॉइडची (पंपाला करंट जोडणाऱ्या स्विचची) टक्, आणि पंप गप्प. बॅटरी तपासली तर 12.7 व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. शेवटी फोडलेलं ओलं काँक्रीट फावड्याने उतरवावं लागलं. सोबतच्या दोन पोरांचे हात गारठून गेले आणि मागे रांगेत उभे असलेले लोक वैतागले.

दुसऱ्या दिवशी दोष सापडला. माझ्या ट्रेलरला बॅटरीची निगेटिव्ह केबल थेट पंपाला जात नाही, फ्रेमला जाते. पंपाची निगेटिव्ह फ्रेमला दुसऱ्या ठिकाणी वेगळी जोडलेली. म्हणजे पंपाचा सगळा करंट फ्रेमच्या लोखंडातून आणि दोन बोल्टांतून परत येतो. त्यातला पंपाजवळचा बोल्ट वरून बघितला तर सुंदर चमकत होता, कारण त्यावर कोटिंगचा जाड थर होता. तो सोडवला तर केबलच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) तपकिरी पूड, आणि लगच्या कडेने पावडर कोटिंग तसंच शाबूत! कारखान्यात रंग खरवडलाच नव्हता. बोल्टच्या आट्यांतून जेवढा संपर्क व्हायचा तेवढ्यावर नवीन ट्रेलर चालला होता. मीठ त्या आट्यांत शिरलं आणि तो संपर्कही गेला.

हिशेब करून बघा. भरलेला बेड उचलताना असा पंप दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. सांध्यात 0.02 ओहमचा अडथळा आला तरी 150 अँपिअरला 3 व्होल्ट तिथेच जिरतात. 12 व्होल्टच्या मोटरचे तीन व्होल्ट गेले आणि वर तेल थंडीने घट्ट झालेलं, मग ती फिरेल कशी? मल्टिमीटरवर बोल्टचा अडथळा मोजायला गेलात तर शून्यच दिसेल, कारण मीटर इतका कमी अडथळा धरत नाही. मोजायची पद्धत वेगळी आहे. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पंपाच्या अंगाला, आणि कुणालातरी बटण दाबायला सांगा. अर्ध्या व्होल्टापेक्षा जास्त दिसलं की सांधा खराब समजा. माझा अडीचच्या वर होता.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. ट्रेलर विकणारा म्हणाला, तुम्ही बाहेरून कोटिंग मारून घेतलंत, आता वायरिंगची वॉरंटी नाही. कोटिंग मारणारा म्हणाला, इलेक्ट्रिकल आमच्याकडे येत नाही. मी त्याला विचारलं, मग त्या बोल्टवर फवारलं कशाला? म्हणाला, पोटाखाली जे दिसतं त्या सगळ्यावर मारतो. मला हेच खटकतं. वरून तेल बसलं की आतला गंज दिसत नाही, आणि मालक निर्धास्त राहतो. सव्वादोनशे डॉलर घेणाऱ्याने निदान 'अर्थिंगचे, म्हणजे निगेटिव्ह केबलचे, बोल्ट आधी उघडून बघा' एवढं सांगायला हवं. त्याने फ्रेमच्या चौकोनी पाइपांत आतूनही मारलं नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, भोक नव्हतं. भोक होतं, मागच्या बाजूला, पाणी निथळायचं. मी त्याला टॉर्च मारून दाखवलं. पैसे परत मिळाले नाहीत, पुढच्या वर्षी दहा टक्के सूट देतो म्हणाला. मी परत गेलो नाही.

दुरुस्ती तीस-चाळीस डॉलरात झाली. जाड वेल्डिंग केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट पंपाच्या अंगापर्यंत नेली आणि फ्रेमला वेगळी जोडणी ठेवली. दोन्ही ठिकाणी आधी पांढरं लोखंड दिसेपर्यंत खरवडलं, दातेरी वॉशर घातला, बोल्ट आवळला आणि त्यानंतर वरून लॅनोलिन फासलं. क्रम हाच हवा. आधी धातूला धातू, मग तेल. उलट केलंत तर तेल आत अडकतं आणि थरथरीने सांधा सैल झाला की तिथेच खारं पाणी ओढलं जातं.

आता कोटिंगबद्दल. पहिल्या हिवाळ्यात माझं मत वाईट होतं. फेब्रुवारीत खाली वाकून बघितलं तर चाकांच्या मागे लोखंड उघडं पडलेलं, थर पार धुऊन गेलेला. वाटलं, पैसे पाण्यात गेले. एप्रिलमध्ये पोट नीट धुतलं तेव्हा खरं चित्र दिसलं. चाकांच्या थेट माऱ्यातला दोनेक फुटांचा पट्टा सोडला तर आडव्या चॅनेलच्या आत, बेडच्या बिजागऱ्यांमागे, पंपाच्या पेटीखाली, सगळीकडे चिकट थर जागच्या जागी होता. नखाने खरवडला तर खाली पावडर कोटिंग काळं कुळकुळीत. शेजारच्याकडे याच वयाचा, काही न मारलेला ट्रेलर आहे. त्याच्या चॅनेलच्या कडांना दगडाचा टवका उडाला तिथून गंज रंगाखाली शिरलाय आणि हाताएवढे पोपडे निघतायत. तेव्हा माझं मत फिरलं. चाकांच्या मागे हे कोटिंग टिकत नाही, बाकी ठिकाणी चांगलं टिकतं. दुसऱ्या हिवाळ्याआधी मी सगळं पोट स्वतःच मारलं, मडफ्लॅप लावले आणि जानेवारीत एक दिवस शून्याच्या वर गेला तेव्हा तेवढाच पट्टा पुन्हा मारला. एका डब्यात दोन्ही कामं होऊन थोडं उरलं, आणि स्वतः मारल्यामुळे खर्च निम्म्याहून खाली आला.

वास मात्र येतो, ओल्या मेंढीचा. आठवडाभर गॅरेजमध्ये राहतो. घरातल्यांना आधी सांगून ठेवा.

मिठाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे बहुतेकांचा समज अर्धवट आहे. मी रत्नागिरीचा. खाऱ्या हवेने खिडकीचे गज कसे सडतात हे लहानपणापासून बघितलंय, म्हणून मला वाटायचं की गंज म्हणजे दमट हवा, आणि इथला कोरडा हिवाळा त्यामानाने बरा. साध्या मिठापुरतं ते काहीसं खरं आहे. सोडियम क्लोराइड हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी धरतं, त्याखाली कोरडं पडतं. पण ते साधारण उणे नऊ-दहाच्या खाली रस्त्यावर फारसं काम करत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मिसळतात. मॅग्नेशियम क्लोराइड 33 टक्के आर्द्रतेलाही ओलं राहतं आणि कॅल्शियम क्लोराइड त्याहून हट्टी. म्हणजे गॅरेजमध्ये ट्रेलर कोरडा दिसत असतानाही त्याच्या अंगावर ओला थर असतो आणि गंज चालूच राहतो. वादळाच्या आधी रस्त्यावर पांढऱ्या रेघा दिसतात ना, ते साधारण 23 टक्क्यांचं मिठाचं पाणी. तो रस्ता सुका दिसतो, पण पहिल्या हिमाबरोबर ते सगळं ट्रेलरवर येतं. ऑन्टारियोत मीठ लांबून आणावंही लागत नाही. गॉडरिचला ह्युरॉन सरोवराच्या खाली जगातली सर्वात मोठी भूमिगत मिठाची खाण आहे. त्यामुळे मीठ कमी पडेल ही आशा सोडून द्या.

याच कारणाने गरम वर्कशॉपबद्दल मत पक्कं झालं. मीठ लागलेला ट्रेलर रात्री पंधरा अंशांच्या वर्कशॉपमध्ये उभा करण्यापेक्षा बाहेर उणे पंधरात उभा केलेला बरा. गंज ही रासायनिक क्रिया आहे, उबेत ती जोर धरते. आत घ्यायचा तर आधी धुऊन घ्या, नाहीतर बाहेरच राहू द्या.

धुण्याची अडचण अशी की नाणी टाकून गाडी धुवायच्या बहुतेक जागांमध्ये गाडी आणि ट्रेलर दोन्ही मावत नाहीत. ट्रकवॉश महाग पडतं. शून्याच्या आसपास हवा आली की मी घरीच, बागेला पाणी घालायचं फिरतं स्प्रिंकलर पोटाखाली सरकवून चालू ठेवतो. दाब कमी, पण मीठ विरघळायला दाब लागत नाही, पाणी लागतं. प्रेशर वॉशर बेअरिंगच्या सीलवर किंवा वायरच्या जोडांवर मारू नका, पाणी आत जातं. कडक थंडीत धुतलंत तर कपलरची (ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या भागाची) कडी आणि जॅक गोठून बसतात.

लॅनोलिन कुठे मारू नये हेही सांगतो, कारण डब्यावर ते बारीक अक्षरांत असतं. ब्रेकच्या ड्रमच्या आत अजिबात नको. इलेक्ट्रिक ब्रेकच्या शूला तेल लागलं की ते शू फेकून द्यावे लागतात. ड्रमच्या मागच्या प्लेटला भोकं असतात, फवारताना त्यांच्यावर पुठ्ठा धरा. काही जातीचं रबर तेलाने फुगतं, म्हणून टायर आणि बुशांपासूनही दूर ठेवा. कमानपाट्यांत मात्र हे जाड कोटिंग आत पोचत नाही. पाट्यांच्या मध्ये गंज धरला की तो फुगतो आणि पाटे एकमेकांपासून ढकलले जातात. तिथे आणि फ्रेमच्या बंद पाइपांत पातळ, निथळणारं तेल हवं. इथे गाड्यांना दरवर्षी मारतात त्या जातीचं. लांब नळी पाइपात शेवटापर्यंत घालायची आणि फवारत फवारत मागे ओढायची. दोन दिवस ड्राइव्हवेवर ठिपके पडतात, खाली जुना पुठ्ठा अंथरा. रबरासारखा काळा कडक थर बसवून देतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. तो थर एका जागी तडकला की त्याखाली खारं पाणी साचतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

ट्रेलरचे दिवे आणि ब्रेक गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगकडेही बघा. त्यातल्या एका पिनेला कायम 12 व्होल्ट येत असतात. खाऱ्या ओलीत ती आणि शेजारच्या पिना हिरव्या पुडीने भरतात. डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस भरा आणि ट्रेलर सुटा असताना प्लग तोंड खाली करून टांगा, बर्फात लोळू देऊ नका. ब्रेकच्या वायरचा एखादा जोड कापून बघा. तांबं इन्सुलेशनच्या आत चार बोटं काळं पडलेलं असलं तर नुसता जोड बदलून भागत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जा आणि आतून गोंद असलेली, गरम करून आवळणारी नळी वापरा. साधी टेप एक हिवाळा काढत नाही.

गाडी आणि ट्रेलर मिळून 4,500 किलोच्या वर गेले की इथे वार्षिक तपासणी लागते हे तुम्हाला ठाऊक आहेच. यंदा तपासणाऱ्याने आडव्या चॅनेलवर हातोडी मारून बघितली आणि काही न बोलता पुढे सरकला. अडला तो ब्रेकअवेच्या, म्हणजे ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेच्या, छोट्या बॅटरीवर. तिचा डबा दोन स्क्रूंनी तोंडावर बसवलेला असतो, बरोबर फवाऱ्याच्या वाटेत, आणि आतले टर्मिनल गंजून गेले होते. बॅटरी बदलून तपासणी पास झाली. डबा आता फ्रेमच्या आतल्या बाजूला हलवलाय.

नवीन ट्रेलर घेणार असाल तर पैसे भरायच्या आधी खाली वाका, पंपाची निगेटिव्ह केबल कुठे जाते ते शोधा, आणि फ्रेमला जात असेल तर डीलरसमोरच तो बोल्ट उघडायला लावा. लगखाली काळा रंग दिसला तर खरवडून देईपर्यंत ट्रेलर हलवू नका. गरम जस्तात बुडवलेली फ्रेम मिळत असेल आणि खिशाला झेपत असेल तर तीच घ्या, तिला माझं मत पहिल्यापासून आहे. पण जस्त फ्रेमला असतं, वायरींना नसतं. तो बोल्ट तिथेही उघडून बघावाच लागेल.