एलटीओ-९ टेप ड्राइव्ह, सात महिन्यांनंतर : दोन चांगल्या टेपा मी 'खराब' म्हणून परत पाठवल्या

एलटीओ म्हणजे डेटा साठवायची चुंबकीय टेप, आणि ड्राइव्ह म्हणजे ती लिहिणारं-वाचणारं यंत्र. एका टेपेवर १८ टीबी मावतात वगैरे सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते त्या लुकलुकणाऱ्या हिरव्या दिव्याबद्दल.

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. गड्ड्याच्या यात्रेचं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं फुटेजही बरंच. हार्ड डिस्कांनी कपाट भरलं, म्हणून एप्रिलमध्ये मन घट्ट करून ड्राइव्ह घेतला. त्या पैशात एक जुनी गाडी आली असती.

पहिली टेप घातली. दिवा लुकलुकतोय, लुकलुकतोय. वीसेक मिनिटांनी सॉफ्टवेअर म्हणालं, टेप इनिशिअलाइज, म्हणजे वापरायला तयार, झाली नाही. ड्राइव्ह बंद-चालू केला. पुन्हा तेच. दुसरी टेप, तेच. क्लीनिंग टेपही फिरवली, उगाच. मग मित्राची जुनी, आधीच्या पिढीची एलटीओ-८ टेप घातली, तर ती लगेच चालू! म्हणजे ड्राइव्ह ठणठणीत, टेपाच खराब. विक्रेत्याला फोन केला. "मीडिया डिफेक्ट असेल, पाठवा की ओ." पाठवल्या. कुरिअरचे पैसे माझे.

इथवरचं मी मे महिन्यातच लिहून ठेवलं होतं, एक तारा देऊन.

बदली टेप आली. घातली आणि अक्कलकोटला एका साखरपुड्याला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर टेप तयार! तेव्हा कुठे मॅन्युअल नीट वाचलं. एलटीओ-९ ची नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती आधी मोजून घेतो. साधारण ४० मिनिटं, कधी दोन तासांपर्यंत. अर्ध्या इंचाच्या पट्टीवर ८,९६० ट्रॅक, म्हणजे डेटा लिहायच्या बारीक रेषा, एलटीओ-८ वर ६,६५६. उष्णता आणि दमटपणानं पट्टीची रुंदी किंचित बदलते, आणि एवढ्या दाटीत तेवढंही चालत नाही. मागावर कापड विणणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. प्रत्येक टेपला हे एकदाच होतं. एलटीओ-८ ला लागतच नाही, म्हणून ती लगेच चालली. मी मात्र दर वेळी अर्ध्यात वीज तोडत होतो.

राग अजून आहे. एवढ्या महाग यंत्राला 'थांबा, मोजतोय' एवढं सांगता येऊ नये? आणि विकणाऱ्यालाही माहीत नसावं?

त्यानंतर अकरा टेपा झाल्या, एकही अडली नाही. सॉफ्टवेअरची थांबायची मुदत अडीच तास केली. ड्राइव्ह यूपीएसवर घेतला. कुरिअरचा खोका फोडला की टेप लगेच घालत नाही, चोवीस तास एसीच्या खोलीत ठेवतो. आपल्याकडच्या उन्हात टेम्पोतून आलेला खोका हाताला चटका देतो. नवी टेप रात्री नऊला लावतो आणि जेवायला घरी जातो.

माझा तारा आता चार. एक कापलाय तो दिव्याचा. कुरिअरचे पैसे अजून मागतोय. विक्रेता म्हणतो, "बघतो की ओ."