एफ-१५० घेताय? आधी ड्रायव्हरचं दार उघडून पिवळं स्टिकर वाचा

गाडी: फोर्डचा पिकअप ट्रक एफ-१५० लॅरियट, २०२१ चं मॉडेल, चार दारांची सुपरक्रू, फोर बाय फोर, ३.५ लिटर इकोबूस्ट. आम्ही अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्सला राहतो आणि ही मुख्यतः कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढायला घेतलीय, त्यामुळे रिव्ह्यू त्याच अंगाने लिहितोय. सीट कशी, स्क्रीन केवढी, गाणी कशी वाजतात हे सांगणारे यूट्यूबवर ढिगाने आहेत.

गाडी झकास आहे. पण जाहिरातीत जो आकडा छाती फुगवून सांगतात, त्याचा आपल्यासारख्या पोराबाळांना आणि आईवडिलांना घेऊन फिरणाऱ्याला काडीचा उपयोग नाही.

२०२१ च्या एफ-१५० ची जाहिरात म्हणते १४,००० पौंडांपर्यंत ओढते, म्हणजे जवळपास ६,३५० किलो. खोटं नाही हो ते, पण ते ठराविक इंजिन, ठराविक टोइंग पॅकेज, ठराविक लांबीचा ट्रक असं सगळं जुळून आलं तर. शोरूममध्ये उभा असलेला सनरूफवाला, लेदरवाला ट्रक तेवढं ओढणार नाही, माझ्याला साधारण ११,००० च्या आसपास रेटिंग आहे. आणि मजा अशी की त्या ११,००० पर्यंतही आपण पोचत नाही, कारण त्याच्या आधीच दुसरी मर्यादा संपते, पेलोड.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर दोन स्टिकर दिसतात. एकावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे ट्रक स्वतः, त्यातली माणसं, सामान आणि हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या जोडणीवर) पडणारा भार मिळून जास्तीत जास्त किती, माझ्या ट्रकवर ७,०५० पौंड आहे, आणि त्याच स्टिकरवर पुढच्या मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा पण वेगवेगळी दिलेली असते. दुसरं स्टिकर टायरच्या हवेचं, त्यावर पिवळ्या पट्ट्यात लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ नये. हाच तुमच्या ट्रकचा पेलोड. तुमच्या म्हणजे त्याच एका ट्रकचा, मॉडेलचा नाही. शेजारी उभ्या असलेल्या तशाच दिसणाऱ्या गाडीचा दोनशे पौंडांनी वेगळा असू शकतो, कारण जास्तीचं प्रत्येक फीचर स्वतःचं वजन घेऊन येतं आणि ते या आकड्यातूनच वजा होतं. म्हणून साधा एक्सएल ट्रिम (मॉडेलची सगळ्यात साधी आवृत्ती), ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, तो महागड्या प्लॅटिनमपेक्षा सहसा जास्त माल उचलतो. एफ-१५० ची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अ‍ॅल्युमिनियमची झाली, वजन खूप उतरलं, पण मग वर पॅनोरामिक काच आणि मोटारवाल्या सीटा चढवल्या की त्यातलं बरंच परत.

माझ्या स्टिकरवर १,४८० पौंड आहेत. आता हिशोब बघा.

ट्रेलर ट्रकच्या मागे नुसता ओढला जात नाही, त्याचा काही भार हिचवर उभा पडतो, त्याला टंग वेट म्हणतात. साध्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तो असावा लागतो. कमी ठेवून चालत नाही. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरलेली बघितलीय त्यांना हे सांगायला नको, ओझं पुढं जास्त झालं तर बैलाच्या मानेवर येतं आणि मागं जास्त झालं तर गाडी उलार होते. इथे उलार झाली की ६५ मैलांच्या स्पीडला ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो आणि मग सावरणं अवघड.

तर १४,००० चे १० टक्के म्हणजे १,४०० हिचवर. १,४८० मधून गेले १,४००, उरले ८०. मी स्वतः १७५ पौंडांचा आहे. म्हणजे समजा माझ्या ट्रकने १४,००० ओढले असते तरी ते मी ट्रकमध्ये न बसता ओढावे लागले असते 😀

आता खरा कॅम्पर घ्या. ब्रोशरला ड्राय वेट ५,२००. ट्रेलरच्या दुकानातला सेल्समन म्हणाला, "तुमचा ट्रक ११,००० ओढतो, हा तर अर्धा पण नाही, बिनधास्त घ्या." ड्राय म्हणजे अक्षरशः कोरडा, त्यात पाणी नाही, भांडी नाहीत, गाद्यागिरद्या नाहीत, बहुतेक वेळा बॅटरी आणि भरलेले प्रोपेन सिलिंडर पण नाहीत, आणि हे शेवटचे दोन बरोबर टंगवरच बसतात. पाणी एका गॅलनला ८.३४ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० च्या वर. शिवाय आपण मराठी माणसं, कुकर, पोळपाट, दहा किलो तांदूळ, गोडा मसाल्यापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं भरतो. तयार होऊन निघताना कॅम्पर ६,४०० ते ६,५०० च्या घरात जातो. १३ टक्के धरले तर टंग वेट ८४५. वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे टंगचा भार बाकीच्या चाकांवर वाटून देणारा हिच, स्वतः १०० पौंडांचा. उरले ५३५. आम्ही दोघं आणि दोन पोरं मिळून ४३०. राहिले १०५, त्यात कूलर आणि टूलबॉक्स.

आई-बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेत, ते दोघं मिळून २७५. म्हणजे ते मागच्या सीटवर बसले की ट्रक ओव्हरलोड, आणि टोइंग रेटिंग मात्र अजून साडेचार हजार पौंड शिल्लक! बाबांना हे पटत नाही. "अरे, आपल्याकडं एका ट्रॅक्टरला उसाच्या दोन ट्रॉल्या लावतात, आणि तू एवढ्या मोठ्या गाडीत म्हातारा-म्हातारीला मोजतोस?" ट्रॅक्टर ७५ मैलांनी पळत नाही बाबा. ते कॅम्परसोबत येतात तेव्हा बायको त्यांना कारमधून मागून घेऊन येते, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही तेच आवडतं, कारमध्ये कीर्तन लावता येतं.

इंजिनाबद्दल मात्र तक्रार शून्य. ४०० हॉर्सपॉवर, ५०० पाउंड-फूट टॉर्क, १० गिअर. आमच्याकडून फ्लॅगस्टाफला जायचं म्हणजे साधारण १,१०० फुटांवरून ६,९०० फुटांवर चढायचं, त्यात ब्लॅक कॅन्यन सिटीच्या पुढे सनसेट पॉइंटपर्यंतचा चढ असा आहे की एसी बंद ठेवा अशा पाट्या लावल्यात. कॅम्पर मागे असताना पण ट्रक तिथे आरामात चढतो, टेम्परेचरचा काटा जागचा हलत नाही. आणि म्हणूनच फसायला होतं, कारण इंजिन कधीच कुरकुरत नाही, भार झेलायचा असतो तो मागच्या अ‍ॅक्सलने, स्प्रिंगांनी, टायरनी, आणि ते बोलत नाहीत.

टोइंगचा आकडा ठरवतात कसा ते पण आमच्याच राज्यात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवायची, मग एसएई या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेची जे२८०७ नावाची सामायिक टेस्ट आली, टोयोटाने २०११ च्या टुंड्रा पिकअपला ती पहिल्यांदा लावली, बाकीचे नंतर रडतखडत आले. बुलहेड सिटीजवळ डेव्हिस डॅमपासूनचा ११.४ मैलांचा चढ, बाहेर किमान १०० फॅरेनहाइट, एसी फुल, आणि ट्रक ४० मैलांच्या खाली उतरता कामा नये. कडक टेस्ट आहे. पण तिच्यात ट्रकमध्ये माणसं किती धरतात, तर दोन, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि वर हिचचं सामान ७० पौंड. पोरं नाहीत, कूलर नाही, सायकली नाहीत, सासूबाई नाहीत.

कागदावरचा हिशोब पुरेसा नाही, वजन करून घ्याच. मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात, आपल्या वजनकाट्यासारखेच, फक्त प्लॅटफॉर्मचे तीन तुकडे: पुढचा अ‍ॅक्सल एकावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरची चाकं तिसऱ्यावर. बोलायचं बटण अठरा चाकी ट्रकवाल्यांच्या हिशोबाने उंच असतं, पिकअपमधून हात पोचत नाही, अ‍ॅप डाउनलोड करून घ्या, बसल्या जागी काम होतं. आमची पावती: पुढे ३,२००, मागे ३,७२०, ट्रेलर ५,७००. ट्रकचे पहिले दोन मिळून ६,९२०, मर्यादा ७,०५०. बसतं, पण काठावर. वेट डिस्ट्रिब्युशन हिच थोडा भार पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर ढकलतो म्हणून एवढं तरी. त्याच दिवशी परत वजन केलं तर कमी पैशात होतं, त्यामुळे ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचं पण करून टाका.

माझं मत: कॅम्पर भरून ६,५०० च्या आत असेल आणि घरात चारच माणसं असतील तर एफ-१५० डोळे झाकून घ्या. त्याच्या वर जायचं असेल तर फोर्डचाच वरचा दणकट ट्रक एफ-२५० बघा, तिथेही डिझेल इंजिन जड असल्याने पेलोड खातं, पेट्रोलवालं जास्त उचलतं. हायब्रिड पॉवरबूस्टच्या मोहात पडत असाल तर बॅटरीचं वजन पण याच १,४०० - १,५०० मधून जातं. आणि जुना ट्रक घेत असाल तर भावाची बोलणी करायच्या आधी विकणाऱ्याकडून त्या पिवळ्या स्टिकरचा फोटो मागवा. बेड कव्हर, साइड स्टेप, जड टायर त्याने नंतर बसवले असतील तर त्यांचं वजन स्टिकरवर नसतं, ते तुम्हीच वजा करायचं.